वाळवंटातल्या तलावावर पक्षी कुठे असतात आणि का

वाळवंटातल्या तलावावर पहिल्यांदा गेलेल्या माणसाची फसगत ठरलेली असते. समोर नजर पोचेल तिथवर पाणी, आणि पक्षी म्हणावेत तर पार पलीकडे, उन्हात थरथरणारे पांढरे-गुलाबी ठिपके. दुर्बीण डावीउजवीकडे फिरवण्यात तास जातो, ऊन चढतं आणि ‘आज काही नव्हतं’ म्हणत माणूस परततो. बहुतेक वेळा पक्षी असतात. हा चुकीच्या काठावर उभा असतो.

जंगलात पक्षी शोधताना आपण झाड पाहतो, फुलोरा पाहतो, आवाज ऐकतो. इथे झाड नाही, आडोसा नाही. इथे पाणीच वाचावं लागतं: ते किती खारं आहे, किती खोल आहे आणि वारा त्याला कुठे ढकलतोय. एवढं जमलं की कोणता पक्षी तलावाच्या कोणत्या कोपऱ्यात असेल, याचा अंदाज दुर्बीण डोळ्याला लावण्याआधीच बांधता येतो.

पाणी खारं का होतं

वाळवंटातले बरेचसे तलाव बंद खोऱ्यात असतात. पाणी आत येतं, पण बाहेर वाहून जायला वाट नसते. ते जातं फक्त वाफ होऊन. तापलेल्या प्रदेशात वर्षाला दोन मीटरच्या आसपास पाणी असं उडून जातं. म्हणजे कमरेएवढ्या खोल तलावाला नवं पाणी मिळालं नाही, तर सहा-आठ महिन्यांत तळ दिसू लागतो. ओढ्यांबरोबर आलेले क्षार मात्र उडत नाहीत. ते साचत राहतात आणि वर्षागणिक पाणी खारं होत जातं.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्याशी ताडून पाहता येतं. कॅलिफोर्नियातला सॉल्टन सी हा तलाव 1905 ते 1907 या काळात कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्याचा काठ फोडून खोलगट भागात शिरल्यामुळे तयार झाला. सुरुवातीला ते नदीचंच गोडं पाणी होतं. आज ते समुद्राच्या दुपटीच्या आसपास खारं आहे. मासे कमी होत गेले आणि त्यांच्यामागोमाग मासे खाणारे पक्षीही.

खारेपणाची अशी एक उतरंडच लावता येते. लिटरला तीन-चार ग्रॅमपर्यंत पाणी गोडं किंवा जेमतेम मचूळ असतं. काठाला पाणकणीस आणि लव्हाळे उभे राहतात. इथे वारकरी, टिबुकली आणि थापट्या, चक्रांगसारखी बदकं. त्यापुढे समुद्राइतक्या आणि त्याहून थोड्या जास्त खारेपणापर्यंत काही चिवट मासे तग धरतात, म्हणून पाणकावळे, झोळीवाले, सुरय आणि बगळे दिसतात. साधारण साठ ग्रॅमच्या पुढे एखाददुसरी जात सोडली तर मासे संपतात. नवख्याला वाटतं, आता तलाव मेला. खरी गंमत इथेच सुरू होते.

मासे नाहीत म्हणजे किड्यांना खाणारं पाण्यात कुणी नाही. मग आर्टेमिया ही नखाएवढी खारी कोळंबी आणि खाऱ्या पाण्यातच वाढणाऱ्या बारीक माश्यांच्या अळ्या कल्पनेपलीकडे वाढतात. रोहित (फ्लेमिंगो), उचाट्या, शेकाट्या, काळ्या मानेची टिबुकली आणि फॅलारोप हा पोहणारा छोटा पक्षी, हे सगळे याच अन्नावर येतात. कॅलिफोर्नियातल्याच मोनो सरोवरात मासा नाही. पाणी समुद्राच्या दुपटीहून जास्त खारं. तरीही शरद ऋतूत तिथे काळ्या मानेच्या टिबुकल्या दहा लाखांच्या घरात जमतात. कोळंबी खाऊन त्यांचं वजन दुपटीवर जातं, उडण्याचे स्नायू आक्रसतात आणि कित्येक आठवडे त्यांना उडताच येत नाही. निघायची वेळ आली की त्या खाणं थांबवतात, स्नायू पुन्हा भरतात आणि रात्रीतून निघून जातात. अशा दिवसांत त्यांच्याजवळ होडी नेली तर त्या उडून जाऊ शकत नाहीत, फक्त दमतात.

अडीचशे ग्रॅमच्या पुढे मात्र कोळंबीचाही निभाव लागत नाही. पाणी गुलाबी-लालसर दिसू लागतं. तो रंग क्षारात जगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा आणि ड्युनालिएला नावाच्या शेवाळाचा. फोटोला छान, पक्ष्यांना निरुपयोगी. अशा पाण्यावर दिसलेला थवा बहुधा विसाव्याला टेकलेला असतो.

ही उतरंड एकाच तलावात पाहायची असेल तर अमेरिकेतलं ग्रेट सॉल्ट लेक पाहावं. 1959 मध्ये रेल्वेमार्गासाठी तिथे दगड-मातीचा भराव घातला गेला आणि सरोवराचे उत्तर-दक्षिण असे दोन भाग झाले. मोठ्या नद्या दक्षिण भागात येऊन मिळतात. उत्तर भागाचं गोडं पाणी जवळजवळ तुटलं आणि तो मीठ विरघळायचं थांबेल इतका खारा झाला. दक्षिणेकडे कोळंबी आणि लाखो पक्षी, उत्तरेकडे गुलाबी पाणी आणि शांतता.

उपकरणाशिवाय आणि उपकरणाने

खारेपणा मोजायला हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर मिळतो. काचेवर दोन-तीन थेंब टाकायचे, झाकण मिटायचं आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. मत्स्यालयासाठी मिळणारे बरेचसे रिफ्रॅक्टोमीटर लिटरला शंभर ग्रॅमपर्यंतच दाखवतात. आकडा पट्टीबाहेर गेला तर त्या पाण्यात तेवढंच पिण्याचं पाणी मिसळा, पुन्हा मोजा आणि उत्तर दुप्पट करा. पक्षीनिरीक्षणाला इतपत अचूकता पुरते. काच आधी पिण्याच्या पाण्यावर शून्याला लावून घ्यायला विसरू नका. उन्हात तापलेलं उपकरण चुकीचं वाचन देतं, तेव्हा ते सावलीत ठेवा. पाणी चाखून पाहण्याच्या फंदात मात्र पडू नका. काही तलावांत मिठाऐवजी सोडा असतो, काहींत आर्सेनिक.

उपकरण नसेल तर काठ पाहा. पाणकणसाचं बेट दिसलं, की तिथे गोडं पाणी कुठून तरी झिरपतंय. पाण्याच्या कडेला हातभर रुंदीचा काळा पट्टा दिसला आणि जवळ जाताच तो उठला, तर त्या खाऱ्या माश्या. त्या चावत नाहीत. कुरव पक्षी चोच उघडी ठेवून या पट्ट्यातून पळत जातात आणि तोंडात येतील तेवढ्या गिळतात. हा पट्टा दिसला की आसपास चिखल्या आणि टिलवे असणार. काठावर नुसती पांढरी पापडी, माशी नाही, किडा नाही, असं असेल तर पुढे सरका.

गोड्या पाण्याचं तोंड

एकच तास हाताशी असेल तर तो ओढा किंवा झरा तलावाला मिळतो तिथे घालवावा. कारण साधं आहे. रोहित, कुरव यांच्या डोळ्यांवरच्या भागात क्षारग्रंथी असतात. रक्तातलं जादा मीठ त्या दाट द्रवाच्या रूपात नाकपुड्यांतून बाहेर टाकतात. चोचीच्या टोकावरून टपकणारा थेंब दुर्बिणीतून नीट पाहिला तर दिसतो. पण ग्रंथी असूनही बहुतेक पक्ष्यांना प्यायला आणि पिसं धुवायला गोडं पाणी लागतंच. बदकांच्या पिल्लांना तर त्याशिवाय जगताच येत नाही. त्यामुळे दिवसभर तलावभर पसरलेले पक्षी सकाळ-संध्याकाळ या एका तोंडाशी येऊन जातात.

पखुर्ड्या इथेच भेटतात. कोरडं बी खाणारे हे पक्षी पाण्यापासून कितीतरी किलोमीटर लांब, उघड्या माळावर घरटं करतात आणि रोज पाण्यावर येतात. बहुतेक जातींची वेळ सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास, काहींची तिन्हीसांज. आधी आवाज येतो, मग थवा डोक्यावरून एक-दोन घिरट्या घालतो, पाण्यापासून थोडा दूर उतरतो, थबकतो, धावत जाऊन काही सेकंदांत पाणी पितो आणि उडतो. पिल्लांच्या दिवसांत नर पोटापर्यंत पाण्यात उतरून अंग हलवताना दिसेल. त्याच्या पोटाच्या पिसांची घडण स्पंजासारखी पाणी धरणारी असते. तो ते भिजलं पोट घेऊन घरट्याकडे उडतो आणि पिल्लं पिसांमधून पाणी चोखतात. तुम्ही पाण्याच्या काठालाच उभे असाल तर थवा उतरतच नाही आणि त्या दिवशी पिल्लं तहानलेली राहतात. शंभर-दीडशे मीटर मागे, एखाद्या झुडपाशी किंवा गाडीतच बसून राहा.

बोटभर, वीतभर, गुडघाभर

खारेपणावरून कोणते पक्षी ते कळतं. ते नेमके कुठे उभे राहतील हे पाण्याच्या खोलीवरून. प्रत्येकाच्या पायाची आणि चोचीची लांबी ठरलेली असते आणि त्यापलीकडे तो जात नाही. केंटिश चिखल्या ओल्या चिखलावर, पाण्याच्या कडेबाहेर. धावतो, थांबतो, टिपतो, कारण तो डोळ्यांनी शिकार करतो. टिलवा बोटभर पाण्यात, शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच मारत. शेकाट्या वीतभर पाण्यात. उचाट्याही तिथेच, पण तो वर वळलेली चोच विळ्यासारखी डावीउजवीकडे फिरवत चालतो. रोहित गुडघाभर आणि त्याहून खोल, गरज पडली तर पोहत. फॅलारोपला खोलीची पर्वाच नसते. तो पाण्यावर तरंगत भिंगरीसारखा गरगरतो, त्या भोवऱ्याने खालचं पाणी वर येतं आणि त्याबरोबर खाऊही.

आता थोडा हिशेब. अशा तलावांचा तळ अगदी सपाट असतो. हजार मीटर चाललं की एक मीटर खोली, असा उतार धरला तर पाणी दहा सेंटिमीटरने उतरताच काठ शंभर मीटर आत सरकतो. मागच्या महिन्यात जिथून टिलवे अगदी स्पष्ट दिसले, तिथून आज तेच टिलवे कणभर दिसतात ते यामुळे. पक्षी पळाले नाहीत, बोटभर पाण्याची पट्टी पुढे गेली. म्हणून जुन्या जागेवर हट्टाने थांबण्यात अर्थ नसतो.

वारा हेच काम तासाभरात करतो. सपाट, लांबट तलावावर सतत वारा वाहिला तर तो पाण्याला एका बाजूला लोटतो. जिथून वारा येतो त्या काठाला पाणी मागे हटतं आणि ताजा ओला चिखल उघडा पडतो. पायांनी चालणारे पक्षी तिकडे धावतात. जिथे वारा जातो त्या काठाला पृष्ठभागावरच्या अळ्या, कोश आणि मेलेली कोळंबी फेसाच्या रेघांबरोबर गोळा होते. तिथे पोहणारे पक्षी मिळतात. सकाळी निघताना वाऱ्याची दिशा पाहिली की निम्मा तलाव शोधायचा वाचतो.

उजेड आणि थरथर

सूर्य पाठीशी हवा. सकाळी पूर्व काठावर उभं राहून पश्चिमेकडे पाहायचं, संध्याकाळी उलट. वारा एक काठ सांगत असेल आणि उजेड दुसरा, तर आमचं मत उजेडाच्या बाजूने. उलट्या उजेडात शंभर छोटे पक्षी दिसतात, पण ओळखता एकही येत नाही.

दुसरा शत्रू म्हणजे तापलेल्या हवेची थरथर. ऊन चढलं की जमिनीलगतची हवा तापते. गरम आणि थंड हवेचे थर मिसळत राहतात आणि त्यांच्यातून येणारा प्रकाश सतत थोडा थोडा वाकतो. सूर्योदयानंतर दीड-दोन तासांत ही थरथर सुरू होते आणि कोरड्या मिठाच्या मैदानावरून पाहताना सर्वांत वाईट असते. नवखा माणूस टेलिस्कोपचं फोकस फिरवत राहतो. फोकसचा इथे काही दोष नसतो. मोठेपणा वाढवला तर थरथरही तितकीच मोठी होते, म्हणून 60 पट सोडून 20 पटीवर या. जमिनीपासून थोडी उंच जागा पाहा, एखादा बांध किंवा टेकाड, म्हणजे नजर तापलेल्या थरातून कमी जाते. शक्य तेव्हा कोरड्या मैदानावरून न पाहता पाण्यावरून पाहा.

याच हवेमुळे मृगजळही होतं आणि ते फक्त पाण्याचा भास करून थांबत नाही. पक्ष्याच्या पायाखाली त्याचं उलटं प्रतिबिंब चिकटतं आणि पाय दुप्पट लांब दिसतात. चिखल्याचा तुतारी होतो, तुतारीचा शेकाट्या. दुपारी बाराला दूरवर दिसलेल्या ‘वेगळ्या’ पक्ष्याची नोंद करण्याआधी संध्याकाळपर्यंत थांबा.

गाडीतून पाहताना आणखी एक चूक होते. एसी चालू, काच अर्धी खाली. आतली गार हवा बाहेरच्या गरम हवेत मिसळते ती नेमकी तुमच्या भिंगासमोर. इंजिन आणि एसी बंद करा, काचा पूर्ण उघडा आणि टेलिस्कोपला बाहेरच्या तापमानाला यायला पंधरा-वीस मिनिटं द्या.

साधनांचं थोडक्यात. 8×42 दुर्बीण, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची, सगळ्यांना पुरते. 10×42 मोकळ्या जागेत जरा जास्त दाखवते, पण वाऱ्यात हात जास्त हलतो. टेलिस्कोप इथे चैनीची वस्तू नाही: 300 मीटरवरचा पक्षी 30 पटीवर दहा मीटरवर असल्यासारखा दिसतो. तिपाईचे पाय पूर्ण लांब करू नका, बसून पाहा आणि मध्ये पिशवी टांगा, नाहीतर वारा सगळं हलवतो. भिंगावर बसलेली धूळ म्हणजे मिठाचे आणि वाळूचे कण. कोरड्या फडक्याने पुसलं की काचेवरचा लेप ओरबाडला जातो. आधी फुंकणीने उडवा, मग मऊ ब्रश, शेवटी ओलसर कापड. घरी आल्यावर तिपाईचे पाय गोड्या पाण्याने धुऊन वाळवा, नाहीतर दोन फेऱ्यांत सांधे गंजून अडकतात.

ओळख

रोहितांपासून सुरुवात करू, कारण सगळ्यांची नजर आधी तिथेच जाते. मोठा रोहित आणि छोटा रोहित यांना उंचीवरून ओळखायला जाऊ नका, एकटा पक्षी असेल तर उंची कळत नाही. चोच पाहा. मोठ्याची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. छोट्याची जवळजवळ सगळीच गडद, दुरून काळी वाटते. त्यांचं खाणंही वेगळं. छोटा रोहित पाण्याच्या वरच्या थरातून सूक्ष्म शेवाळं, मुख्यतः स्पिरुलिना, गाळतो. मोठा मान खाली घालून चिखलातले किडे आणि कोळंबी शोधतो, पाय आपटत गोल फिरतो आणि त्याच्या मागे तळावर खळग्यांची वर्तुळं राहतात. दोन्ही जाती शेजारी चरतात तरी त्यांच्यात भांडण का नसतं, याचं उत्तर चोचीतल्या गाळणीसारख्या जाळीत आहे: दोघांची जाळी वेगळी, म्हणून खाणंही वेगळं. पिल्लं करडी असतात. गुलाबी रंग खाण्यातून येतो आणि चढायला काही वर्षं लागतात.

लहान चिखलपक्ष्यांचं काम अवघड. एक युक्ती उपयोगी पडते: थव्यात ओळखीचा एक पक्षी शोधा आणि त्याला मोजपट्टी करा. शेकाट्या 35 ते 40 सेंटिमीटर, केंटिश चिखल्या 15 ते 17, टिलवा 12 ते 14. ‘शेकाट्याच्या निम्मा, चोच डोक्याएवढी, पाय काळे’ अशी टीप पुस्तकात शोधता येते. ‘छोटा, तपकिरी’ अशी टीप कशालाच लागू पडते. केंटिश चिखल्याचा गळपट्टा छातीवर तुटलेला असतो आणि पाय गडद. छोट्या चिखल्याचा पट्टा पूर्ण आणि डोळ्याभोवती पिवळं कडं. कडं दिसलं की वाद संपला.

उत्तर गोलार्धात प्रौढ चिखलपक्षी प्रजनन संपवून जुलैपासूनच दक्षिणेकडे येऊ लागतात आणि त्यांच्या अंगावर अजून लालसर रंग असतो. पिल्लं ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात, स्वच्छ, खवल्यांसारख्या कडांच्या पिसांची. नोव्हेंबरपर्यंत सगळे एकजात करडे होतात. म्हणजे ओळखायला सोपे महिने आणि थंडीचे सुखाचे महिने एक नाहीत.

मोजणी

दहा पक्षी मोजा. ते दहा किती जागा व्यापतात ते डोळ्यात धरा. त्या मापाने शंभरापर्यंत जा, मग शंभराच्या ठोकळ्याने थवा पुढे सरकवा. नवखे लोक उडत्या दाट थव्याला जवळजवळ नेहमीच कमी मोजतात, कारण मागचे पक्षी पुढच्यांआड लपतात. मिश्र थव्यात आधी एकूण आकडा काढा. मग टेलिस्कोप दहा वेगवेगळ्या जागी थांबवा, प्रत्येक चौकटीतल्या जाती मोजा आणि त्या प्रमाणात एकूण आकडा वाटा. फोटो काढून घरी मोजून पाहिलं की आपली चूक कोणत्या बाजूला जाते ते कळतं. ती बहुधा दर वेळी त्याच बाजूला जाते.

आकड्यांना वजन का, तर 1971 मध्ये इराणमधल्या रामसर शहरात झालेल्या पाणथळींच्या कराराचे दोन निकष थेट मोजणीवर उभे आहेत: तलावावर नियमितपणे 20,000 पाणपक्षी असणं, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येच्या एक टक्का पक्षी तिथे असणं. राजस्थानातलं सांभर सरोवर 1990 पासून रामसर यादीत आहे. आशियात दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, 1987 पासून. तुम्ही ‘खूप’ असं लिहिलं तर त्या नोंदीचा कुणालाच उपयोग नाही. ‘400 ते 500’ लिहिलं तर आहे.

किती जवळ जायचं

ठरावीक अंतर नसतं, पक्षी सांगतात. चरणं थांबवून माना वर करणं ही पहिली पायरी. सगळे एकाच दिशेने चालू लागणं ही दुसरी. तिसरी म्हणजे उड्डाण, आणि ते तुमच्यामुळे झालं असेल तर तुम्ही पहिल्या पायरीलाच थांबायला हवं होतं. हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी चरबी साठवणाऱ्या पक्ष्याला दिवसात चार वेळा उडायला लावणं म्हणजे त्याची शिदोरी काढून घेणं. ड्रोन तर आणूच नका. रोहितांची वसाहत एकदा बिथरली तर अंडी सोडून जाते.

उन्हाळ्यात पायाखाली पाहा. केंटिश चिखल्याची अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांसारखी, बहुधा तीन. कडक उन्हात हा पक्षी अंडी ऊबवत नसतो, सावली धरत असतो. मधूनमधून पोट भिजवून येतो आणि ओल्या पिसांनी अंडी गार करतो. तुम्ही जवळ उभे राहिल्यामुळे तो दूर राहिला, तर भर दुपारी थोड्याच वेळात अंडी शिजू शकतात. एखादा चिखल्या समोर पंख ओढत, लंगडत पळू लागला तर तो जखमी नाही, तुम्हाला घरट्यापासून दूर नेतोय. त्याच्यामागे जाऊ नका. जागीच थांबा आणि आल्या पावलांवर पाय ठेवत मागे फिरा.

चिखल, गाडी, ऊन

कोरडी दिसणारी पापडी ही सर्वांत मोठी फसवणूक. वरचा थर वाळतो, खाली लापशीसारखा चिखल असतो. काठी खुपसून पाहा. वीतभर सहज आत गेली तर तिथेच मागे वळा. पाय रुतला तर जोर लावून उपसू नका, दुसरा पाय आणखी खोल जातो. मागे रेलून बसा, वजन पसरू द्या आणि पाय हलकेच हलवत, भोवती पाणी-हवा शिरू देत एकेक मोकळा करा. गाडी आखलेल्या वाटेवरच ठेवा. मैदानावर उठलेले चाकांचे चर वर्षानुवर्षं राहतात आणि न उडणारी पिल्लं त्यांत अडकतात.

पाणी माणशी चार-पाच लिटर तरी हवं. कडक उन्हात तासाला लिटरभर घामही जाऊ शकतो. पांढऱ्या मिठावरून परतणारं ऊन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखाली भाजतं, टोपी तिथे काही करू शकत नाही. उजाडताना पोचा, दहा वाजता सावलीत जा, पुन्हा चारनंतर या. मधल्या वेळात पाहण्यासारखं दिसतही नाही.

मेलेले पक्षी दिसले तर

नोव्हेंबर 2019 मध्ये सांभरवर हजारो स्थलांतरित पक्षी मेले. कारण निघालं बॉट्युलिझम. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जिवाणू हवा नसलेल्या कुजक्या गाळात, कोमट पाण्यात वाढतो आणि विष तयार करतो. विषाने स्नायू लुळे पडतात: आधी पंख, मग पाय, शेवटी मान. मान पाण्यात पडली की पक्षी बुडतो. मेलेल्या पक्ष्यात अळ्या होतात, विष अळ्यांत साठतं, अळ्यांना काही होत नाही. दुसरा पक्षी त्या खातो आणि मरतो. त्याच्यात पुन्हा अळ्या. एका मृत पक्ष्यातून अशी साखळी सुरू होते, म्हणून मृत पक्षी लवकर उचलणं हाच त्यावरचा मुख्य उपाय. तो तुम्ही हातांनी करायचा नाही. बर्ड फ्लूने मेलेला पक्षी आणि बॉट्युलिझमने मेलेला पक्षी दुरून सारखेच दिसतात. फोटो काढा आणि वनखात्याला कळवा: जागेचे अक्षांश-रेखांश, वेळ, जाती, मेलेले किती, लुळे पडलेले किती, मृत पक्ष्यांवर अळ्या आहेत का. शेवटचा तपशील बहुतेक लोक गाळतात आणि तपासणाऱ्याला तोच आधी हवा असतो.

क्षारही थेट मारू शकतात. 1962 मध्ये केनियातल्या मगादी सरोवरावर रोहितांच्या हजारो पिल्लांच्या पायांवर सोड्याचे जाड वाळे जमले. पिल्लांना चालता येईना. लोकांनी ते वाळे हातोडीने हलकेच फोडून पिल्लं सोडवली.

वहीत काय लिहायचं

पक्ष्यांच्या यादीआधी पाणी लिहा. काठावरचा एक न हलणारा दगड किंवा खांब ठरवा आणि पाण्याची कड तिथून किती पावलांवर आहे ते दर खेपेला टिपा. वाऱ्याची दिशा, खारेपणाचा आकडा किंवा निदान ‘माश्यांचा पट्टा आहे/नाही’, गोडं पाणी कुठे वाहतंय, तळाचा किती भाग उघडा आहे. त्यानंतर जाती आणि आकडे, आणि कोणत्या जागेवरून पाहिलं ते. एखाद्या खेपेला वहीत ‘उचाट्या 0’ असा आकडा आला तर कड वाचा: दगडापासून 40 पावलं असायची ती 300 झालेली असेल. मग पुढच्या खेपेला टेलिस्कोप कुठे लावायचा ते तुम्हाला घरी बसूनच ठरवता येतं.